तामोचा वाटा

"अल्लालच्या घरातली एक बाई," मुखियांनी वाचलं आणि तामो उठून उभी राहिली.

"त्या बाईला नाव आहे, बुश्ताकाका."

बसलेल्या पुरुषांत हशा पिकला. आज जमातीच्या सामायिक जमिनीचे वाटे जाहीर होत होते. आजवर वाटा फक्त पुरुषांना मिळे. मुलगी परक्या जमातीत जाणार, तिला जमीन कशाला? तामो मात्र कुठेच गेली नाही. आईमागे तिनं धाकट्या अल्लालला वाढवलं, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांचं सगळं केलं. वडील गेले, त्यांचा वाटा अल्लालला मिळाला. तामोला त्याच्या घरातली मागची खोली मिळाली.

मग बायांनाही वाटा हवा म्हणून ती इतर बायांबरोबर गव्हर्नरच्या कचेरीसमोर जाऊन बसू लागली. "म्हाताऱ्या शहरात चहा प्यायला निघाल्या," असं गाव म्हणायचं. कायदा बदलेपर्यंत त्यांतल्या दोघी वारल्या.

अल्लाल लगबगीनं पुढे आला. "ताई, बस ना खाली. माझ्या घरात तुला काय कमी आहे? बहिणीला घराबाहेर काढलं म्हणतील लोक मला."

"काही कमी नाही रे. पण ते घर तुझं आहे."

या वेळी कोणी हसलं नाही. शेजारची विधवा खदूज उठली. "वाचा की हो नाव! जीभ झिजणार आहे का?" तिच्यामागून एकेक करत साऱ्याच बाया उठल्या.

मुखियांनी सरकारी अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो शांतपणे म्हणाला, "कायद्यात नाव लागतं. मोठ्यानं वाचा."

मुखियांनी घसा खाकरला. "तामो, लार्बीची मुलगी. कालव्याकडचा तुकडा."

बायांच्या आनंदाच्या किलकाऱ्यांनी झाडावरचे बगळे उडाले. खदूजनं तामोला अशी मिठी मारली की दोघीही पडता पडता वाचल्या.

हिवाळ्यात तामोनं तिथं बाकला पेरला. शेंगा धरल्या तेव्हा एका सकाळी अल्लाल मेंढरं घेऊन आला. लहानपणापासून तो या रानातून बेधडक जायचा. आज कडेलाच थबकला.

"ताई, इकडून जाऊ का गं?"

तामोच्या ओठांवर लगेच 'जा' आलं होतं. तिनं ते गिळलं. हाती घेतलेली ओळ शेवटपर्यंत खुरपली, कंबर सरळ केली, आणि मेंढरांवरून नजर फिरवली.

"जा. पण बांधाबांधानं जा."

मेंढरं हाकत अल्लाल बांधाकडे वळला.