डोरीनचा तांदूळ

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे आणि मला राग येतो. आतली सगळी वाफ शिट्टीतून निघून जाते असं तुम्हाला वाटतं. तसं काही नसतं.

नगरच्या सुमित्राकाकूंनी मला लग्नानंतर विकत घेतलं आणि अमेरिकेला येताना गोधडीत गुंडाळून आणलं. काकू आणि प्रल्हादकाका दोघंही श्रद्धाळू ख्रिस्ती. १९८१ साली मिनेसोटातल्या त्यांच्या चर्चने उत्तरेकडच्या ओजिब्वे आदिवासी मुलांसाठी शहरात वसतिगृह काढलं. एक मोठं घर, त्यात शाळेत जाणारी मुलं आणि आईवडिलांच्या जागी एक जोडपं. कमिटीला वाटलं, इंडियन मुलांना इंडियन जोडपंच बरं! कोलंबसाने घातलेला घोळ अजून निस्तरला नव्हता, त्यात यांनी भर घातली.

काका-काकू मनापासून राबत. मुलांच्या सर्दीला काढा, परीक्षेला प्रार्थना, सकाळी डबे. मी तर सदा शेगडीवरच. "काकूज राइस इज द बेस्ट!" असं मुलं म्हणाली की मी खूश व्हायचो.

पण त्या घरात मुलांना विचारायची पद्धत नव्हती. केस केवढे ठेवायचे, रविवारी काय घालायचं, घरी कधी जायचं, सगळं आधीच ठरलेलं. त्यामागे माया होती, त्यामुळे मुलांना भांडताही येत नसे. याचाच मला जास्त वैताग यायचा.

डोरीन पंधरा वर्षांची होती. सप्टेंबरात तिच्या गावचे लोक होड्या घेऊन तळ्यात जातात आणि तिथे उगवलेला काळा, लांबट तांदूळ काठीने झोडून होडीत पाडतात. त्याला ते मनोमिन म्हणतात. आजी थकली होती, म्हणून डोरीनने मदतीला जायची परवानगी मागितली.

"नो, डोरीन. स्कूल फर्स्ट," काका म्हणाले. "अँड संडे इज चर्च."

मग आजीनेच मामाबरोबर मनोमिनची एक पिशवी पाठवली. डोरीन किती दिवसांनी हसली!

"काकू, आय वॉन्ट टु कुक इट मायसेल्फ. सॅटरडे. फॉर एव्हरीबडी."

"शुअर, शुअर," काकू म्हणाल्या.

शनिवारी डोरीन आंघोळ करून खाली येईपर्यंत काकूंनी पिशवी माझ्यात रिकामी केली होती. "पोरगी अभ्यासाने दमते हो. म्हटलं, सरप्राइज द्यावं," असं त्या काकांना सांगत होत्या. हळद, जिरं, मीठ, भरपूर पाणी, आणि दाणा टणक दिसला म्हणून शिट्ट्यांवर शिट्ट्या. बंद करा, बंद करा, म्हणून मी बोंबलत होतो.

"आज छान प्रेशर धरलंय," काकू म्हणाल्या.

झाकण उघडलं तेव्हा आत पिवळट करडा लगदा होता. डोरीन दारात उभी होती.

"दॅट वॉज ऑल ऑफ इट," एवढंच ती म्हणाली. निदान तिने तरी ओरडायला हवं होतं.

नोव्हेंबरच्या सुट्टीत ती मामाच्या गाडीतून घरी गेली आणि परत आलीच नाही.

"मी प्रेमानंच केलं ना हो?" काकू काकांना पुन्हा पुन्हा विचारत. प्रेमानंच केलं, बाई! म्हणून तर माझा जीव जळतो. दुष्टपणे केलं असतं, तर मला सरळ रागावता तरी आलं असतं.

पुढच्या सप्टेंबरात काकूंनी स्वयंपाकघरातून तिला फोन लावला. "डोरीन? काकू हिअर. हाऊ डु यू कुक इट?" मग त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. "ओके. स्लोली. नॉट इन द कुकर."

फोन ठेवल्यावर काकांनी विचारलं, "परत येतेय का?"

"नाही म्हणाली. तळ्यावर निघाली होती, आजी होडीत वाट बघतेय." काकू स्टुलावर बसल्या. "सगळं नीट समजावून सांगितलं हो तिनं. मी आधी विचारलंच नव्हतं."

आता माझी रिंग फाटली आहे आणि मी बेसमेंटमध्ये पडून आहे. मला घासूनपुसून ठेवा, असं मी सांगणार नाही. फक्त, मित्रांनो, कोणाच्या घरचं धान्य हाती आलं, तर ते कसं शिजवायचं हे आधी त्यालाच विचारा. लगद्याचा पुन्हा दाणा होत नाही.