चाळीस सेकंद उशिरा

केबल आम्ही दोन वर्षांपूर्वी काढली. दुखण्यामुळे बायकोचं शिवणकाम सुटलं, तेव्हा तीच म्हणाली, "काढून टाका. दोनशे चॅनेल घ्यायचे आणि मी बघते एक." ते एक म्हणजे फुटबॉल. घरी आलेल्या पाहुण्याचं नाव तिच्या लक्षात राहायचं नाही, पण आमच्या शहराच्या संघाचा राखीव गोलकीपर कुठल्या शाळेत शिकला, ते तिला पाठ.

संघ आपले सामने मोबाइलवर फुकट दाखवतो, हे भाच्यानं शोधून दिलं. म्हणायला थेट, पण चित्र चाळीस सेकंद उशिरा यायचं. वरच्या मजल्यावर टेम्पोवाल्याकडे डिश. तिथे गोल आधी व्हायचा, ते बोंबलायचे, आणि खाली हिच्या मोबाइलवर बॉल अजून मैदानाच्या मधोमध. शेवटी तिनं टेम्पोवाल्याच्या बायकोला बोलावून सांगितलं, "ओरडू नका असं नाही गं. जरा दमानं ओरडा."

त्यावर टेम्पोवाल्यानंच तोड काढली. हिच्या खाटेच्या उशाशी पाण्याचा पाईप आहे, तो सरळ त्यांच्या खोलीतून वर जातो. गोल झाला की त्यांनी गप्प बसायचं. हिला गोल दिसला की हिनं चमच्यानं पाईपवर दोनदा वाजवायचं. मग सगळ्यांनी ओरडायचं. टेम्पोवाल्याची आई म्हणे तोंडावर उशी दाबून बसायची. "काकू, तुमच्या चाळीस सेकंदांत म्हातारी एक दिवस गुदमरणार," असं तो जिन्यातून ओरडून सांगायचा. ही हसता हसता खोकायला लागायची.

अख्खा हंगाम असा गेला. एकोणीस वर्षांनी संघ अंतिम सामन्यात पोचला. तोवर हिला आधाराशिवाय बसताही येत नव्हतं. त्या दिवशी सकाळी मला म्हणाली, "आज गोळी मॅच संपल्यावर द्या. गोळी घेतली की माझं लाकूड होतं." मी हो म्हणालो.

मी बेकरीत भट्टीवर असतो, पहाटेची पाळी. तीन दिवस तिचं कण्हणं चालू होतं आणि माझ्या डोळ्याला डोळा नव्हता. सामना संध्याकाळी सहाला. मी साडेपाचलाच गोळी पुढे केली.

"आत्ताच?"

"डॉक्टरांनी वेळ बदललीय."

डॉक्टरांनी काहीही बदललं नव्हतं. मला झोपायचं होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि गोळी घेतली. सामना सुरू व्हायच्या आत तिला झोप लागली. मी मोबाइल बंद केला आणि जमिनीवर आडवा झालो.

जाग आली ती वरच्या शांततेनं. आधी झोपेतच कानावर आलं, खुर्ची सरकली, कुणाचा तरी पाय आपटला, आणि मग एकदम चिडीचूप. मी घड्याळ पाहिलं. सामन्याची शेवटची मिनिटं असणार. गोल झाला होता आणि वर पाच माणसं तोंडावर हात ठेवून हिची वाट बघत होती. चाळीस सेकंद केव्हाच होऊन गेले असतील. त्यांना काय सांगणार होतो? मी चमचा उचलला आणि पाईपवर दोनदा वाजवलं.

छत खाली येईल असा गलका झाला. ही दचकून जागी झाली. "गोल झाला?"

"नाही गं. त्यांच्याकडे पाहुणे आलेत. झोप तू."

पाचव्या दिवशी ती गेली.

मधल्या दिवसांत तिनं सामन्याचं नाव काढलं नाही. गोळीच्या गुंगीत विसरली असेल, असं मी मनाला समजावलं. टेम्पोवाला मात्र भेटेल त्याला सांगत सुटला, "काकूंनी शेवटचा गोल बघितला, पाईप वाजवला, मगच गेल्या. भरल्या पोटी जाणं म्हणतात ते हे." तेराव्याला आलेल्या नातेवाइकांनाही सांगितलं. लोक माझा हात हातात घेऊन म्हणायचे, "शेवटपर्यंत छान केलंत तिचं." मी मान हलवायचो.

नवा हंगाम सुरू झाला तसा तो मला हाताला धरून वर घेऊन गेला. त्याचा मेहुणा आला होता. टेम्पोवाल्यानं टीव्हीचा आवाज कमी केला आणि पुन्हा तेच सुरू केलं, "यांच्या मिसेसनी शेवटचा गोल..."

"नाही बघितला," मी म्हणालो.

"काय नाही?"

"ती झोपली होती. मी गोळी आधी दिली, माझी झोप व्हावी म्हणून. पाईप मी वाजवला."

त्याच्या आईनं मांडीवरची उशी बाजूला ठेवली. "अरे देवा," मेहुणा म्हणाला.

टेम्पोवाल्याची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "काका, मला ठाऊक होतं."

"तुला कसं?"

"दुसऱ्या दिवशी तुम्ही बेकरीत होतात, तेव्हा मी सूप घेऊन आले होते. म्हटलं, काकू, काय गोल होता! त्या म्हणाल्या, हो गं, मस्त. आणि मग मला जवळ बोलावून हळूच विचारलं, कुणी मारला?"

"तू सांगितलंस?"

"सगळं सांगितलं. डावीकडून आला, दोघांना चकवलं, सगळं. म्हणाल्या, यांना काही बोलू नकोस. ते आपणहून सांगतील."

मी जिना उतरून खाली आलो. कुणी अडवलं नाही.

म्हणजे चार दिवस ती वाट बघत होती. मी ते चार दिवस एकेक करून आठवले. तिसऱ्या दिवशी मी तिचे पाय चेपत होतो. गोळीला वेळ होता, ती चांगली शुद्धीवर होती. तिनं विचारलं, "काही बोलायचंय का?"

"कशाबद्दल?"

"असंच."

मी म्हणालो, "आज ब्रेडची एक खेप करपली."

"होतं असं कधी कधी," ती म्हणाली आणि पाय जवळ ओढून घेतले.