लोकांच्या बाजूचा माईक

मी माईक बोलतोय. दचकू नका. आजवर माझ्यातून कितीतरी माणसं बोलली, पण माझं स्वतःचं असं एक वाक्यही कुणी ऐकलेलं नाही. आज तेवढं ऐकून घ्या.

आम्ही जुळे भाऊ. एकाच कारखान्यात घडलो, एकाच खोक्यात शेजारी शेजारी झोपून महापालिकेच्या सभागृहात आलो. तिथं आमच्या वाटण्या झाल्या. भाऊ व्यासपीठावर गेला. त्याच्या पुढ्यात फुलदाणी, मागे गादीची खुर्ची. मी खाली, खुर्च्यांमधल्या वाटेत, एका पायाने लंगड्या स्टँडवर. भाऊ साहेबांसाठी आणि मी लोकांसाठी.

साहेब म्हणजे आमच्या प्रभागाचे नगरसेवक. ते अधूनमधून नागरिकांची सभा घ्यायचे. सभा म्हणजे काय, तर भाऊ बोलायचा आणि मी ऐकायचो. शेवटी साहेब खुर्चीतून अर्धे उठत म्हणायचे, "कुणाला काही विचारायचंय का?" आणि ते पूर्ण उठेपर्यंत सभा संपलेली असायची. चुकून कुणी माझ्यापाशी आलंच, तर आधी माझ्या डोक्यावर टिचक्या मारायचं, मग फुंकर घालायचं, मग विचारायचं, "आवाज येतोय का?" आवाज छान यायचा. पण बोलायचं काय होतं, ते तोवर विसरलेलं असायचं. जे आठवेल ते सांगून झालं की साहेब म्हणायचे, "पाहतो हं." माणूस खूश होऊन जागेवर जायचा. एवढ्यावर खूश होणारी माणसं मी फार पाहिली.

माझी देखभाल वायरमन करायचा. त्याची नोकरी हंगामी होती. आज आहे, उद्या नाही. पण कामात कुचराई नाही. मऊ फडक्याने मला पुसायचा, वायरीला पीळ पडू द्यायचा नाही. फार जीव लावला त्याने मला. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याच्याविषयी दुसरंही काही सांगायचंय.

त्याची वहिनी शाळेचे गणवेश शिवायची. सगळा भाग तिला मावशी म्हणायचा. अर्ध्या प्रभागातल्या पोरांची कंबर तिला तोंडपाठ होती.

सभागृहाच्या मागच्या गल्लीत पालिकेचं प्रसूतिगृह होतं. दुरुस्तीसाठी म्हणून त्याला कुलूप लावलं आणि दुरुस्तीला कुणी फिरकलंच नाही. मावशीच्या लेकीला कळा सुरू झाल्या, तेव्हा त्या कुलपासमोरून रिक्षा शहराच्या दुसऱ्या टोकाच्या इस्पितळाकडे निघाली. वाटेत रेल्वेचं फाटक बंद. मालगाडी संपता संपेना. फाटक उघडलं तेव्हा बाळ जन्मलं होतं, पण रडलं नव्हतं.

त्यानंतरच्या सभेला मावशी आली. "कुणाला काही विचारायचंय का?" म्हणत साहेब अर्धे उठले, आणि ती माझ्याकडे चालत आली. वायरमनने धावत येऊन माझा स्टँड तिच्या उंचीला आणला.

"वहिनी, जवळ या. घाबरू नका, माईक चावत नाही."

तिने टिचकी मारली नाही की फुंकर घातली नाही.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "माझ्या लेकीचं बाळ फाटकापाशी गेलं. दवाखाना आमच्या गल्लीत आहे. त्याचं कुलूप कधी काढणार?"

साहेबांनी चेहरा पाडला. "ताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. पाहतो."

लोक टाळ्यांसाठी हात उचलायच्या बेतात होते. मावशी हलली नाही.

"कधी पाहता?"

"पाहतो म्हणालो ना."

"ते ऐकलं मी. कधी, ते विचारतेय."

"पाहतो" याच्यापुढेही विचारता येतं, हे त्या दिवशी लोकांना पहिल्यांदा कळलं. खरं सांगायचं तर मलाही.

मग मात्र माझे दिवस पालटले. पुढच्या सभेला खुर्च्या पुरेनात. न्हावी आला, बसचालक आला, पोळ्या लाटणाऱ्या बायका हाताचं पीठ झटकत आल्या. माझ्यापुढे रांग लागू लागली. एकदा बसचालक तावातावाने बोलता बोलता मध्येच गप्प झाला. म्हणाला, "काय विचारायचं होतं ते गेलं डोक्यातून, पण मावशींना जे हवंय तेच मलाही हवंय." सगळे पोट धरून हसले. साहेब हसले नाहीत. रांगेत कुणी कुणाला ढकललं नाही. पुढच्याचं बोलून झालं की मागचा म्हणायचा, "आता मी तिथूनच पुढे विचारतो." लेकही आईसोबत यायची. मागच्या रांगेत बसायची आणि बोलायची नाही.

अखेर साहेबांना कबूल करावं लागलं, पुढच्या सभेत दवाखान्याची तारीख सांगतो.

त्या सभेआधी सभागृह रिकामं होतं. मी आवाजाच्या पेटीशेजारी टेबलावर पडलो होतो आणि वायरमन मला पुसत होता. साहेबांचा सचिव आला आणि त्याने वायरमनच्या खांद्यावर हात ठेवला.

"मावशी घरच्याच ना तुमच्या?"

"सख्खी वहिनी."

"मग घरच्या माणसाला तुम्हीच सांभाळा. बाहेरच्यांनी बोललेलं बरं दिसत नाही." जाता जाता तो वळला. "तुमच्या कायम नोकरीचं साहेबांनी मनावर घेतलंय बरं का."

कधीचा स्वच्छ झालेलो मी, तरी वायरमन मला पुसतच राहिला.

सभा भरली. साहेबांनी रस्ते सांगितले, दिवे सांगितले, बागेतला झोपाळासुद्धा सांगितला. दवाखान्याचं नाव नाही. मावशी उठून माझ्यापाशी आली.

"साहेब, तारीख सांगणार होतात. ती..."

आणि माझी वाचाच गेली. मी धडधाकट होतो. वायर शाबूत होती. पेटीवरचं बटण फिरलं होतं, एवढंच.

मावशीने मागे वळून पाहिलं. "भाऊजी, आवाज गेला."

वायरमनने मान वर केली नाही. "मशीन बिघडलंय, वहिनी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग माझ्यावाचून बोलू लागली, अगदी बेंबीच्या देठापासून. पण पंखे फिरत होते, मागचे ओरडत होते, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही!" आणि वरून माझा भाऊ पूर्ण ताकदीने गरजला, "शांतता राखा. काही लोकांना सभा उधळायची आहे." मागच्यांना तेवढंच ऐकू गेलं. बसचालक धावून आला, त्याला दोघांनी धरून बाहेर नेलं. साहेब उठले. सभा संपली.

मावशी पुन्हा सभेला आली नाही. दिराच्या घरीही गेली नाही. रांग आधी आखूड झाली, मग नाहीशी. काम सोडून यायचं आणि मशीन बिघडलेलं बघायचं, कोण किती दिवस करणार?

प्रसूतिगृह धोकादायक ठरवून पाडलं. त्या जागी काय बांधलं असेल? नवं सभागृह. थंडगार, गुबगुबीत खुर्च्यांचं. दारावर लिहिलंय, नागरिक संवाद केंद्र. मी आता तिथं असतो. वायरमनही तिथं आहे, पेटीच्या बटणापाशी, इस्त्रीच्या शर्टात, कायम नोकरीत. तो मला पुसत नाही. पुसायला वेगळा माणूस आहे.

इथं माझा स्टँडही काढून टाकलाय. साहेबांचा एक कार्यकर्ता मला मुठीत धरतो आणि कुणाच्या तोंडापुढे न्यायचं ते ठरवतो. माणूस साहेबांचे आभार मानू लागला की मी तिथेच. प्रश्न विचारू लागला की मी पुढच्या माणसापुढे.

परवा मावशीची लेक आली होती. एकटीच. पुन्हा दिवस गेलेले, महिने भरत आलेले. कार्यकर्त्याला तिची ओळख नव्हती. पोट पाहून त्याला वाटलं, ही काहीतरी गोड बोलेल, आणि त्याने मला तिच्यापुढे धरलं.

"इथं दवाखाना होता," ती म्हणाली. "आता मी कुठे जाऊ?"

एवढंच. पण पहिल्याच शब्दाला वायरमनने तिला ओळखलं होतं. पुतणीच ती. बटण फिरलं. तिचा प्रश्न मी आणि तो कार्यकर्ता सोडून कुणाला ऐकू गेला नाही. ती उत्तरासाठी थांबली, आणि मी तोवर दुसऱ्या कुणापुढे होतो.

मला बंद करता येतं, बहिरं करता येत नाही. म्हणून सांगतो, कुणी मला तुमच्या तोंडापुढे धरलं तर आधी त्याच्या मुठीतून काढून घ्या. आणि माझ्यामागे बटणापाशी कोण बसलंय, तेही एकदा वळून पाहा. फार करून तुमच्याच घरातलं कुणी असेल.