बिनपात्याची खवणी

मी खवणी बोलतेय. नाव खवणीचं असलं, तरी गेल्या तीस वर्षांत मी एकही नारळ खवलेला नाही, हे आधीच कबूल केलेलं बरं. मला आता पातंच नाही. उरलाय तो वीतभर उंचीचा, बसून बसून गुळगुळीत झालेला फणसाचा पाट. तरी विलासिनी टीचरच्या नावावर जी चार पुस्तकं आहेत, त्यांत माझाही थोडा वाटा आहे. हसायचं असेल तर खुशाल हसा, मला सवय आहे.

मलप्पुरमजवळच्या एका गावात, बिय्यात्तुम्माच्या अंगणात, वेलायुधन सुताराने मला घडवलं. बिय्यात्तुम्मा म्हणजे घरची थोरली बाई, सगळ्यांची उम्मा, म्हणजे आई. पहाटे माझ्यावर एक पाय दुमडून बसायची आणि पत्तिरीबरोबरच्या, म्हणजे तांदळाच्या पातळ भाकरीबरोबरच्या, रश्शासाठी चार चार नारळ खवायची. हात चालू आणि तोंडही चालू. कुणाची सून आळशी, कुणाची गाय आटली, गावातली एक बातमी तिच्याकडून सुटत नसे.

मग तिचा मुलगा अवरान गल्फमधून नारळ खवायचं विजेचं यंत्र घेऊन आला. त्यातच एका नातवाचा पाय माझ्या पात्याने कापला. झालं, त्याच संध्याकाळी माझं पातं उपटलं. मी सरपणात जायचीच, पण सून रुखिया म्हणाली, "राहू दे हो. चुलीपुढे बसायला होईल." त्या पोरीचे उपकार मी विसरलेले नाही.

पुढे बिय्यात्तुम्मा आजारी पडली. मोठ्या इस्पितळातून परत आणली आणि स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत तिचा पलंग टाकला. घरात सगळे कुजबुजत बोलू लागले. तिच्यासमोर मात्र हसून, "उम्मा, साधा पोटाचा विकार आहे, उतरेल."

अशात एक दिवस विलासिनी टीचर आली. तेव्हा तिशीची होती, कोळिक्कोडच्या एका कॉलेजात समाजकार्य शिकवायची आणि घरी पडून असलेल्या आजाऱ्यांवर प्रबंध लिहीत होती. आमच्याकडे पाहुणा आला की त्याला पडवीतली चांगली खुर्ची देतात, काळा चहा आणि केळ्याचे काप पुढे ठेवतात. तसंच झालं. तिने कागद काढून एकेक प्रश्न विचारला आणि अवरानने एकेक उत्तर दिलं.

"रुग्णाला आपला आजार माहीत आहे का?"

"छे, उम्माला काही कल्पना नाही."

"पुढचे उपचार कुठे हवेत?"

"ते आम्ही बघू ना, टीचर. तिला काय कळतंय?"

टीचरने चौकटीत खुणा केल्या, चहा संपवला, आतल्या पलंगाला लांबूनच नमस्कार केला आणि गेली. अशी तिने तीनशे बारा घरं केली. सगळीकडे तशीच पडवी आणि तसाच चहा. निष्कर्षही झोकात निघाला: दहांतल्या आठ आजाऱ्यांना आपला आजार ठाऊक नसतो. प्रबंध बांधून तयार झाला. सोमवारी तो द्यायचा, की कॉलेजातली कायमची जागा तिचीच.

त्याआधीच्या शुक्रवारी ती गावोगाव आभार मानत फिरत होती. आमच्याकडे आली तेव्हा पुरुष सगळे जुम्म्याच्या नमाजाला गेलेले. रुखियाचे हात पिठात. ती म्हणाली, "टीचर, बाहेर एकट्या कशाला बसताय? आत उम्माजवळ बसा की." आत खुर्ची कुठली असायला? तिने पायाने मला पलंगाकडे सरकवलं आणि टीचर माझ्यावर टेकली. तिचं डोकं बिय्यात्तुम्माच्या उशीच्या बरोबरीला आलं.

बिय्यात्तुम्माने तिला नीट न्याहाळलं. पोरीबाळींना ती मोळे, म्हणजे लेकी, म्हणायची. "तूच ना गं मोळे, ती कागदवाली? आमच्या अवरानला बरंच काय काय विचारत होतीस."

"हो उम्मा. तुमच्या आजाराबद्दल विचारत होते."

"माझ्या आजाराबद्दल? मग मला का नाही विचारलंस? मी काय बाजारात गेले होते?"

म्हातारी हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "कॅन्सर आहे मला. पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. इस्पितळातून आल्यावर अवरान गोठ्यामागे जाऊन रडला, तेव्हाच कळलं. पण त्याला सांगू नको हं. मला माहीत नाही असं वाटतंय, म्हणून दोन घास जेवतो तरी तो."

माझ्यावरचं वजन एकदम वाढल्यासारखं झालं. मग टीचरने तीनशे बारा घरांत कुणालाच न विचारलेला प्रश्न विचारला. "उम्मा, तुम्हाला काय हवंय?"

"पुन्हा त्या मोठ्या इस्पितळात नको. आणि हा पलंग खिडकीशी लावा. इथून मला कोंबड्या दिसत नाहीत. एवढं अवरानला सांगितलंस तरी चालेल."

अवरान परत आल्यावर टीचरने एवढंच सांगितलं. तो चकित झाला. "तिला हे हवंय, तुम्हाला कसं कळलं?"

"विचारलं," टीचर म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला.

सोमवारी प्रबंध गेला नाही. मंगळवारी टीचर पुन्हा हजर. "उम्मा, तुमच्यामुळे माझी तीन वर्षं वाया गेली."

"माझी पन्नास चुलीत गेली. मी कुणाकडे रडले का?" बिय्यात्तुम्माने सुनावलं. "आता काय करणार?"

"सगळ्या घरांत परत जाणार. आत जाऊन विचारणार. ही खवणी थोडे दिवस नेऊ का? पलंगाजवळ बसायला कुठेच काही नसतं."

"घेऊन जा. पण नारळ मागू नको तिच्याकडे."

अशी मी कापडी पिशवीत बसून कोळिक्कोडला आले. कॉलेजात तिचे मार्गदर्शक माधवन सर तिची वाटच बघत होते. माणूस सज्जन होता, पण त्या दिवशी त्यांचा तोल सुटला. "वेडी आहेस का, विलासिनी? घरच्यांनी उत्तरं दिली, तू लिहून घेतलीस. नियमात बसतंय. आता मागे घेतलंस तर जागा हातची जाईल."

"सर, मी आजाऱ्यांवर लिहिलंय आणि आजाऱ्यांशी बोललेच नाहीये."

"हे कुणाला कळणार आहे?"

"बिय्यात्तुम्माला कळलंय," ती म्हणाली. मला तेव्हा उठून तिची पाठ थोपटावीशी वाटली, पण लाकडाला ते कुठून जमणार?

जागा गेलीच. ती दुसऱ्याच्या पदरात पडली आणि टीचर तुटपुंज्या पगारावर हंगामी तास घेत राहिली. सुट्टीचा एक दिवस तिने घरी काढला नाही. बस, होडी, चिखलाच्या पायवाटा, आणि खांद्याला मी. कंडक्टर टोमणे मारायचे, "टीचर, खवणी दिसतेय, नारळ कुठायत?" घराघरांतले मुलगे पडवीतली खुर्ची झटकून द्यायचे. ती चहा घ्यायची, त्यांची विचारपूस करायची आणि मग मला काखेत मारून आत जायची. कुणी अडवलं तर उंबऱ्यावर बसायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा यायची. चिकाटी म्हणजे काय, ते मी तिच्याखाली बसून शिकले.

दोन वर्षं लागली. तीनशे बारांपैकी एकशे चौऱ्याण्णव माणसं अजून हयात होती. त्यांतल्या एकशे एक्कावन्न जणांना आपला आजार पक्का ठाऊक होता. घरच्यांना वाईट वाटू नये म्हणून बिचारे न कळल्याचं सोंग वठवत होते. दहांतले आठ हा आकडा तसाच राहिला, फक्त उलटा झाला.

उरलेली एकशे अठरा माणसं गेली होती. त्यांत आमची बिय्यात्तुम्माही होती, खिडकीजवळच्या पलंगावर गेली. मला परत द्यायला टीचर आली, तर रुखियाने डोळे पुसत हात मागे घेतला. "उम्मा सांगून गेल्यात, ही टीचरचीच."

नव्या प्रबंधात टीचरने त्या एकशे अठरा नावांपैकी प्रत्येकापुढे एकच वाक्य लिहिलं: 'मी यांना वेळेत विचारलं नाही.' बिय्यात्तुम्माच्या नावापुढे मात्र 'यांनी मला विचारलं' असं लिहिलं. माधवन सरांनी पानं चाळली. "हे वाक्य एकदाच दे ना खाली. इतक्यांदा कशाला?"

"माणसं एकदमच मेली नाहीत, सर. एकेकटी मेली."

सरांनी चष्मा पुसला आणि सही केली.

पुढची सत्तावीस वर्षं मी सांगत बसले तर तुमचा दिवस जाईल. टीचरचं नाव झालं, तिची पुस्तकं झाली, गावोगावच्या शुश्रूषा करणाऱ्या मंडळींना ती शिकवू लागली. तिची शिस्त एकच. पडवीत बसून कागद भरायचा नाही. नवा विद्यार्थी आला की आधी माझ्यावर बसायचा आणि तासभर समोरच्याचं ऐकायचा. कितीतरी मोठमोठे डॉक्टर माझ्यावर अवघडून बसलेले मी पाहिलेत. खाली बसलेल्या माणसाला फार शहाणपणाने बोलता येत नाही, हे मी स्वानुभवाने सांगते.

आता टीचरने साठी ओलांडली आहे. गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे माझ्यावर बसणं संपलं. मी तिच्या पलंगाशेजारी असते, माझ्यावर तिची औषधं आणि चष्मा असतो. मध्यंतरी कॉलेजातून लोक आले होते. मला काचेच्या कपाटात ठेवायचं म्हणत होते. टीचर म्हणाली, "ती बसायची वस्तू आहे, बघायची नाही." तिच्याबद्दल मला जे वाटतं ते एका शब्दात सांगायचं तर अभिमान.

गेल्या आठवड्यात तिच्या तपासण्यांचे कागद आले. ते घेऊन एक तरुण डॉक्टर घरी आला. तिचा भाचा सुधाकरन त्याला पडवीत घेऊन बसला. चहा आला. खिडकीतून आवाज येत होता. आधी मोठा, मग हळू. "मावशीला एवढ्यात काही बोलू नका हं," भाचा म्हणाला. "हो हो, आपण आपसात ठरवू," डॉक्टर म्हणाला.

मी टीचरकडे बघितलं. तिने एक एक करून माझ्यावरची औषधं उचलली, चष्मा डोळ्याला लावला आणि मला हाताने पलंगापासून जरा पुढे ढकललं.

"डॉक्टर," तिने हाक मारली, वर्गात मारायची तशी. "आजारी मी आहे. आत या."

तो आला, कागद छातीशी धरून. खुर्ची शोधू लागला. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. बिचारा उंच होता. बसला तेव्हा त्याचे गुडघे हनुवटीला लागले. भाचा दारात उभा होता, त्यालाही तिने राहू दिलं.

"हं. आता सांगा, आणि मग विचारा," टीचर म्हणाली.

त्याने सांगितलं. मग विचारलं, "टीचर, तुम्हाला काय हवंय?"

तिने जे उत्तर दिलं ते मी शब्दन् शब्द ऐकलं. पण ते माझ्याकडून कळायचं नाही. ती आत आहे, जागी आहे. दार उघडंच आहे. तिलाच विचारा.