टेबलाच्या पायाखालचे पान

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. थोडा भित्राही आहे. का, ते ऐका.

एका लॉन्ड्रीवाल्याने मला आपल्या सुनेसाठी आणले. सून रोज मला उघडायची. 'हिअर' म्हणजे कानावर पडणे, 'लिसन' म्हणजे कान देणे. 'लुक' म्हणजे नजर टाकणे, 'वॉच' म्हणजे नजर ठेवणे. ही सगळी चुलत भावंडे. एकाच्या जागी दुसरे बसवले की घोटाळा झालाच! "हे पुस्तक नव्हे, मास्तर आहे," असे ती म्हणाली, की मी फुगून जायचो.

पुढे कामे वाढली आणि मी फळीवर पडून राहिलो. माझ्यावर चहाचे कप विसावू लागले. एकदा इस्त्रीचे टेबल डुगडुगले, तेव्हा सासऱ्यांनी माझे एक पान टर्रकन फाडले, घडी केली आणि टेबलाच्या पायाखाली सारली. "एका पानाने काय शब्दांचा दुष्काळ पडतोय?" ते हसले. मी मात्र त्या दिवसापासून धास्तावलो.

मग वाफेची नवी इस्त्री आली. एका दुपारी तिच्या टाकीतले पाणी संपत आले. ती भरायला सुनेच्या नवऱ्याने फडके टाकून झाकण धरले.

"झाकणाचं काय लिहिलंय गं? लवकर सांग, दवाखान्याची माणसं चादरी न्यायला येतीलच."

सून माहितीपत्रक वाचू लागली. "आधी 'लूझन', मग थांबायचं, मग 'रिमूव्ह'. रिमूव्ह म्हणजे काढणं."

"मग लूझन पण काढणंच असेल!"

"एकच असतं तर दोनदा कशाला लिहितील? हात मागे घ्या आधी!"

टाकी आतून गुरगुरत होती आणि त्याचा चेहरा नेमका झाकणावर होता. सुनेने मला भराभर चाळले. तो शब्द असलेले पानच नव्हते! मला ओरडायचे होते, पण शब्दकोशाला शब्द असतात, आवाज नसतो.

"बाबा, इथलं पान?"

सासरे गोरेमोरे झाले. ते गुडघ्यांवर बसले आणि टेबलाखालून घडी ओढून काढली. पान मळले होते, पण अक्षरे शाबूत होती. सुनेने मोठ्याने वाचले, "सैल करणे. जागेवरून न काढता ढिले करणे."

नवऱ्याने चेहरा बाजूला घेतला आणि झाकण जरासेच फिरवले. फुस्स! फटीतून वाफेचा लोट छतापर्यंत उसळला. तिघेही भिंतीला टेकले. वाफ संपेपर्यंत कुणी टेबलाजवळ गेले नाही.

"एकदम काढलं असतं, तर..." नवरा पुटपुटला.

"गप रे," सासरे म्हणाले. ज्या हातांनी पान फाडले होते, त्याच हातांनी त्यांनी कपड्यांची खळ लावून माझे पान परत चिकटवले.

मित्रांनो, कोणता शब्द कुणाला कधी लागेल, हे पान फाडणाऱ्याला कुठे ठाऊक असते? पुस्तकांना जपा. टेबलाला लाकडाची चकती लावा.

आमचे टेबल अजून कधीकधी डुगडुगते. कुणी वाकून त्याच्या पायाकडे पाहिले, की माझी पाने आपोआप मिटतात.