दीक्षाले दिलं

निवड समितीने दीक्षाला जेवढा वेळ दिला, तेवढ्यात समोरचा चहासुद्धा निवला नाही. "तुमचं काम उत्तम आहे," अध्यक्ष म्हणाले, "पण हा तुमच्याच समाजाचा विषय. संशोधकाला थोडं अंतर लागतं." संध्याकाळी निकाल लागला. माहितीशास्त्र विभागातली पीएचडीनंतरच्या संशोधकाची जागा पुण्याहून आलेल्या स्वानंदला मिळाली.

अंतर म्हणे! हा प्रकल्प दीक्षाने लिहिला होता. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांकडचे फोटो, पत्रकं, गाण्यांची जुनी चोपडी घरोघर जाऊन स्कॅन करायची आणि त्यांचा डिजिटल संग्रह उभा करायचा, ही कल्पना तिची. इंदोरा वस्तीच्या गल्ल्यांतून उन्हातान्हात स्कॅनर खांद्याला लावून फिरली तीच. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवायचं, सुट्टी लागली की पगार बंद, वर कायमच्या प्राध्यापकांच्या उत्तरपत्रिकाही तपासायच्या. ही एक जागा तरी आपली होईल म्हणून तिने ते सगळं सोसलं होतं.

दुसऱ्या दिवशी विभागप्रमुख गोपाळरावांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शेजारी स्वानंद अवघडून बसला होता.

"राग मानू नको," गोपाळराव म्हणाले. "याला सगळं समजावून दे. घरं दाखव, ओळखी करून दे. पुढच्या सत्रात तासिका तुलाच देतो ना!"

दीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताट हिच्या पुढचं ओढायचं आणि वाढायलाही हिलाच सांगायचं!

तिने हार्डडिस्क आणून टेबलावर ठेवली. "आधी परवानग्या ऐका, सर. त्यांच्याशिवाय संग्रह खुला करता येत नाही."

परवानग्या तोंडी घेऊन रेकॉर्ड केलेल्या होत्या. इंदोऱ्यातल्या म्हाताऱ्या बायजाबाई कागदावर अंगठा द्यायला तयार नव्हत्या. एकदा दिला होता, तर घराची जागा गेली होती. त्यांचं पाहून गल्लीतल्या सगळ्याच म्हाताऱ्या अडून बसल्या. अहवालाची घाई असलेल्या गोपाळरावांनीच तेव्हा सांगितलं होतं, "मग रेकॉर्ड कर आणि उरक." त्यातलं एकही रेकॉर्डिंग त्यांनी पुढे ऐकलं नव्हतं. ते आज पहिल्यांदा ऐकत होते.

"आजी, विभागाले देतो म्हणा," आधी दीक्षाचा आवाज आला.

"विभाग कोण व्हय वं? थो आला काय कधी माह्या घरी?" बायजाबाई खेकसल्या. "हा माह्या सासऱ्याचा फोटो मी दीक्षाले देऊन राहिली. बस."

दीक्षाने पुढचं लावलं. तिथेही दीक्षाले. त्याच्या पुढचं लावलं, तिथेही तेच. बायजाबाईंनी जे म्हटलं तेच सगळ्या गल्लीने म्हटलं होतं.

गोपाळरावांचा चेहरा उतरला. "हे मला तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, चालतंय."

"बरं, पुन्हा रेकॉर्ड करू. तू याच्यासोबत जा."

"मी काहून जाऊ?" वर्गात कधीही न येणारी बोली तिच्या तोंडी आली, आवाजही चढला. "अंतर लागते न तुम्हाले? मंग जा. तुम्हीच जा!"

दार आपटून ती बाहेर पडली. पुढच्या सत्राच्या तासिकाही आता गेल्या, हे जिन्यात तिच्या लक्षात आलं. तरी राग तसूभर उतरला नाही.

त्याच आठवड्यात बायजाबाईंचा फोन आला.

"दोघं जण आले होते वं, मिठाईचा डबा घेऊन. दीक्षाचं नाव नका घेऊ, विभागाचं घ्या म्हणे. मी पाणी पाजलं अन् डबा वापस केला. बरं, तुले थे नौकरी तं लागली न?"

दीक्षाला रडूच फुटलं. इतके दिवस ती कुणासमोर रडली नव्हती.

"नाई, आजी. त्या दोघांतल्या पोराले देली."

पलीकडून बायजाबाई अशा कडाडल्या की दीक्षाने फोन कानापासून दूर धरला.

"मंग थे कोणत्या तोंडानं आले होते माह्या दारात?"