पत्र्यावरचं देवाचं बोट

नजरबाबांच्या सभेला हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शिष्यानं स्टीलचा कोरा पत्रा सगळ्यांना दाखवला, चौरंगावर ठेवला आणि वर रेशमी फडकं टाकलं. बाबांनी फडक्याकडे डोळे वटारून पाहिलं. फडकं ओढलं, तर पत्र्यावर आरपार नाजूक जाळी कोरलेली, आणि पत्रा चक्क गरम. माझ्या शेजारच्या बाई रडायलाच लागल्या.

"करवतीचा दात नाही, छिन्नीचा घाव नाही, कानशीचा ओरखडा नाही," बाबा म्हणाले. "मग पोलाद कापलं कोणी? माझ्या नजरेनं. कडेला हा बारीक ठिपका आहे, तिथं देवाचं बोट टेकलंय. दुखऱ्या जागी तो दाबा. औषध मात्र बंद. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत."

माझ्या दुसऱ्या बाजूला ताई आणि तिचा नवरा, माझे भावजी, बसले होते. भावजींची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या मशीनवर रक्त शुद्ध केलं, तरच ते जगणार होते. ताईनं दहा दिवसांपूर्वी त्यांच्या कमरेला असलाच पत्रा बांधला आणि चार वेळा डायलिसिस चुकवलं. त्यांचा चेहरा सुजला होता, दोन पायऱ्या चढताना धाप लागत होती. मला हे कळलं सभेच्या दिवशी सकाळी, म्हणून मीही आले होते.

चौरंगावरचा पत्रा हातोहात फिरत आला, तो ताईनं माझ्या हातात दिला. मी उलटा केला आणि जाळी लगेच ओळखली. मी लेझर कटिंगचं मशीन चालवते. शोभेच्या वस्तूंच्या कुणा व्यापाऱ्यासाठी या जाळीचे चाळीस नग मीच कापले होते. मालकांनी ठिपके घासून काढायला सांगितलं होतं, मी कंटाळा केला. माझ्या आळसाला लोक देवाचं बोट समजत होते.

तिथं बोलले असते तर भक्तांनी मला फाडून खाल्लं असतं. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांना कारखान्यात नेलं.

"काचेच्या तंतूतून लेझरचा किरण येतो," मशीनच्या काचेआडून मी दाखवलं. "भिंग त्याला केसाएवढ्या टोकावर गोळा करतं. तेवढंच स्टील वितळतं आणि नायट्रोजनचा झोत ते खाली उडवून देतो. करवत लागलीच नाही, तर दातांची खूण राहणार कुठून? कुठं कापायचं ते कॉम्प्युटरमधलं चित्र सांगतं."

मिनिटभरात जाळी तयार झाली. सुटा तुकडा तिरका उठून मशीनच्या तोंडावर आपटू नये, म्हणून कडेला थोडीशी जागा न कापता सोडतात. ती मोडली की ठिपका उरतो, हे मी मोडूनच दाखवलं. बाबांचा कोरा पत्रा फडक्याबरोबर ओढला जातो आणि त्याच्याखाली आधीच तापवून ठेवलेला जाळीचा पत्रा असतो, हेही सांगितलं.

भावजी ठिपक्यावर अंगठा फिरवत राहिले. यावर आणखी काय कापता, असं त्यांनी विचारलं.

"बसच्या सीटच्या पट्ट्या, लिफ्टचे दरवाजे, हॉटेलांची शेल्फं," मी म्हणाले. तिथं थांबायला हवं होतं, पण जीभ आवरली नाही. "तुम्ही ज्याच्यापासून पळालात, त्या डायलिसिस मशीनच्या पेटीचा पत्रासुद्धा."

त्यांनी कमरेची दोरी सोडली आणि दवाखान्यात चला म्हणाले. रिक्षातच त्यांचं हृदय थांबलं. रक्तात साचलेल्या पोटॅशियममुळे, असं डॉक्टर म्हणाले. आदल्या दिवशीच त्यांना उचलून न्यायला हवं होतं. ताईला खोटं पाडायच्या नादात मी एक रात्र घालवली.

पुढच्या सभेला मी मागे उभी होते; तिथं बाबांनी या मरणाचंही सोनं केलं. पत्रा उतरवला आणि तासाभरात माणूस गेला, असं त्यांनी सांगितल्यावर सगळा हॉल शहारला. कितीतरी हात आपापल्या पत्र्याकडे गेले.

तेव्हा ताई उठली. ती तिथं आली आहे, हे मलाही माहीत नव्हतं.

"पत्रा उतरवला म्हणून माझे यजमान गेले नाहीत," ती म्हणाली. "चार वेळा डायलिसिस मी चुकवलं, म्हणून गेले. पत्रा मशीनवर कापतात, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. कुणालाही हात जोडा, पण घरातल्या आजारी माणसाचं औषध आजच्या आज सुरू करा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला उंबऱ्याच्या आत घेऊ नका. मी घेतलं होतं."